वाटा नाही, तिथे निष्ठा कसली?

जून आणि जुलै हे दोन महिने खारदांड्याच्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी. या काळात जाळी सांधली जातात, इंजिने उघडून दुरुस्त होतात, लाकडाला रंग लागतो. पण हात कामात गुंतलेले असले, तरी नाखव्याच्या मनात एक चिंता घर करून असते. ती वादळाची नसते, मासळीचीही नसते. ती असते खलाशांची. गावी गेलेला खलाशी हंगामाला परतेल ना? उचल घेऊन गेलेला माणूस दुसऱ्याच्या होडीवर तर चढणार नाही ना?

खारदांड्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथील वातानुकूलित दालनांत बसलेले मनुष्यबळ विभागाचे अधिकारी नेमक्या याच चिंतेने ग्रासलेले असतात. माणसे टिकत नाहीत. शिकवून तयार केलेला तरुण दोन वर्षांत दुसरीकडे जातो. निष्ठा म्हणून काही उरलेलीच नाही, ही त्यांची नित्याची तक्रार. एकाच्या पायाखाली ओली वाळू, दुसऱ्याच्या पायाखाली गालिचा. पण दुखणे एकच.

या दुखण्याचे निदान मात्र उद्योगजगताने सोयीस्करपणे चुकवले आहे. दोष पिढीचा आहे, काळाचा आहे, वाढत्या हावेचा आहे, असे सांगून मालकवर्ग मोकळा होतो. कामगाराला निष्ठा का वाटावी, हा प्रश्न विचारण्याऐवजी ती त्याला वाटत का नाही, असा उलटा प्रश्न विचारला जातो. निष्ठा हा जणू मालकाचा जन्मसिद्ध हक्क आणि कामगाराचे ते देणे!

नाखव्याचा हिशेब

या प्रश्नाचे उत्तर कोळीवाड्याने फार पूर्वी शोधून ठेवले होते. कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीविना ते व्यवहारात आणलेही होते. त्या उत्तराचे नाव 'वाटा'.

पारंपरिक पद्धतीत मासळी विकून आलेल्या पैशातून आधी फेरीचा खर्च वजा होतो. उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे. होडी व जाळे ज्याचे, त्याला त्यांचे वाटे मिळतात. तांडेलाच्या जाणकारीलाही मोल असते. पण अगदी नवख्या खलाशालाही त्या फेरीच्या कमाईत स्वतःचा असा अंश असतो. बोंबील भरभरून आला तर सर्वांच्या घरी सण; डोल रिकामी आली तर सर्वांच्याच घरी तंगी. शिवाय तांडेल आणि खलाशी एकाच फळीवर उभे असतात. लाट आली तर ती पद पाहून येत नाही. नफ्यात वाटा, तोट्यात वाटा आणि जिवाच्या जोखमीतही वाटा, अशा माणसाला 'निष्ठावान राहा' असे सांगावे लागत नाही. होडी त्याचीच असते.

आज अनेक होड्यांवर ही पद्धत मोडली आहे. यांत्रिक होड्यांचा भांडवली खर्च वाढला, डिझेल महागले, घरची मुले शिकून नोकऱ्यांना लागली आणि परप्रांतांतून आलेला खलाशी ठरावीक पगारावर व उचलीवर होडीवर चढू लागला. काही मालक स्वतः समुद्रात जातही नाहीत. यात कोणाचा दुष्टपणा नाही. परिस्थितीचा रेटा आहे. परंतु परिणाम चुकत नाही. ज्याला फक्त पगार आहे, तो पाचशे रुपये जास्त देणाऱ्या होडीवर जाणार. उचल देऊन माणूस बांधता येतो. त्याचे मन बांधता येत नाही.

वाटा तुटला की काय घडते, याचे भीषण दर्शन याच समुद्राने १७ मे २०२१ रोजी घडवले. 'तौक्ते' चक्रीवादळात मुंबई हायच्या तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. चक्रीवादळाचा इशारा मिळालेला असूनही तो तराफा बंदरात परतला नव्हता. सत्तरहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. बुडालेल्यांपैकी बहुतेक कंत्राटी साखळीतले कामगार. काम एकाचे, ठेका दुसऱ्याचा, तराफा तिसऱ्याचा. आणि वादळाचा वाटा तेवढा कामगाराचा! त्यानंतर कित्येक दिवस जबाबदारी कोणाची, याचीच चर्चा चालली. नाखव्याच्या होडीवर हा प्रश्न कधी उद्भवला नसता.

पगाराने पाय थांबतात, मन नाही

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण मालकवर्गाला अत्यंत प्रिय आहे. पगार दिला, आता टाळी वाजवा! परंतु पगार ही कामाची किंमत आहे, निष्ठेची नव्हे. काम झाले, पगार मिळाला, हिशेब फिटला. ज्या दिवशी दुसरा अधिक किंमत देईल, त्या दिवशी माल तिकडे जाईल. माणसाला बाजारातील माल मानणाऱ्यांनी बाजाराच्या या नियमाबद्दल अश्रू ढाळू नयेत.

ज्या पाश्चात्त्य शास्त्राची पोथी आपल्याकडे भक्तिभावाने वाचली जाते, त्यानेही वेगळे सांगितलेले नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले, की अपुरा पगार माणसाला असंतुष्ट करतो. पण केवळ पुरेसा पगार त्याच्या मनात कामाची ओढ निर्माण करत नाही. ती निर्माण होते कामातील कर्तृत्व, जबाबदारी आणि मान्यता यांतून. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये आणखी मर्मावर बोट ठेवले. संस्थेत काही बिघडले, तर माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठावान माणूस सहसा दुसरी वाट धरतो. पण आवाज उठवण्याची सोयच ठेवली नाही, तर तो पहिली वाट धरणार हे उघड आहे. आपल्या कंपन्यांनी या ग्रंथांतून सोयीचे तेवढे उचलले. फुकटची कॉफी, वाढदिवसाचा केक, वार्षिक सहल आणि 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' अशी भिंतीवरची तसबीर! कोळ्याच्या होडीवर तसबीर नसते. तिथे वाटा असतो.

गिरणगावाचा धडा

मुंबईने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि परळ-लालबागच्या आकाशातल्या चिमण्यांची जागा टॉवरांनी घेतली.

त्या संपाचे मूल्यमापन करताना नेत्याच्या हट्टावर बोट ठेवले जाते, आणि ते अगदीच चुकीचे नाही. उद्योग हा शत्रूचा किल्ला आहे आणि कामगार म्हणजे वेढा घालणारे सैन्य, ही वर्गसंघर्षाची आयात केलेली भूमिका मुंबईच्या कामगार चळवळीत दशकानुदशके मुरलेली होती. किल्ला पडला तेव्हा आत आपलेच घर होते, हे उशिरा कळले. परंतु निम्मे सत्य सांगून थांबणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

उरलेले निम्मे सत्य 'बदली' या शब्दात आहे. रोज सकाळी पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहायचे; कायम कामगार गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर घरी परतायचे. अशी वर्षानुवर्षे काढलेली हजारो माणसे गिरणगावात होती. बदली कामगारांना कायम करणे ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती. ज्या गिरणीने वर्षानुवर्षे माणसाला दारात उभे ठेवले, तिने त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? दुसरी मागणी होती आवाजाची. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. कामात वाटा नाही, बोलण्यात वाटा नाही. मग माणूस पेटतो किंवा निघून जातो. मुंबईत तो आधी पेटला, नंतर निघून गेला.

आज परिस्थिती बदलली आहे काय? बदली हा शब्द गेला, कंत्राटी आणि मुदतबंद हे शब्द आले. वार्षिक उद्योग पाहणीचे अलीकडच्या वर्षांचे आकडे सांगतात, की देशातील संघटित कारखान्यांमधील दर दहा कामगारांपैकी सुमारे चार कंत्राटी आहेत. एकाच यंत्रावर दोन माणसे उभी असतात. गणवेशाचा रंग वेगळा, पगार वेगळा, उद्याची शाश्वती वेगळी. आणि भिंतीवर पाटी असते : 'ही कंपनी तुमची आहे'.

मराठी मातीतील उत्तर

वेगळे काही शक्यच नव्हते काय? शक्य होते, आणि ते या महाराष्ट्रात करून दाखवलेले आहे. १९१० मध्ये औंध संस्थानात, संस्थानाच्या आधाराने, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. तिथे जमलेली माणसे नामांकित पदवीधर नव्हती. शंभुराव जांभेकरांसारखे औपचारिक शिक्षण नसलेले पण यंत्राची नाडी ओळखणारे लोक त्यांत होते. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने वाळीत टाकलेल्या माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीची रखवाली सोपवली. मालकाचे घर आणि कामगाराचे घर एकाच वस्तीत. १९२० मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'मधून कारखान्याची वार्ता सर्वांपर्यंत जाऊ लागली. भांडवल थोडे होते. विश्वासाचे भांडवल मात्र मोठे होते. ज्याच्यावर जगाने विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर एकाने ठेवला. त्या विश्वासाची परतफेड पगाराच्या कितीतरी पलीकडची झाली.

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा इतिहासही असाच बोलका आहे. आठ तासांचा दिवस तिथे १९१२ मध्ये आला, भरपगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये, नफ्यातील हिश्शाचा बोनस १९३४ मध्ये आणि ग्रॅच्युइटी १९३७ मध्ये. तिथे संप झालेच नाहीत असे नव्हे. १९२० आणि १९२८ चे संप प्रसिद्ध आहेत. परंतु देशाच्या कायद्याने हेच हक्क सर्वांना दिले ते कितीतरी नंतर : कारखाना अधिनियम १९४८ चा, भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, बोनसचा १९६५ चा आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. कायद्याने भाग पाडण्याआधी जे दिले जाते, त्यालाच 'देणे' म्हणतात. कायद्याच्या बडग्याने दिलेल्या ८.३३ टक्के बोनसबद्दल कोणी कृतज्ञ राहत नाही, आणि राहूही नये.

आणि गिरगावातले 'लिज्जत'? १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी एका इमारतीच्या गच्चीवर, ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्यापासून दंडक ठरला : देणगी घ्यायची नाही, आणि इथे काम करणारी प्रत्येक जण भगिनी, नोकर कोणीच नाही. नफा झाला तर भगिनींचा, तोटा झाला तर तोही भगिनींचाच. सकाळी पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, आणून द्यायचे, कष्टाचे दाम घ्यायचे. आज सुमारे ४५ हजार भगिनी या उद्योगात सहमालक आहेत. 'वाट्याची पद्धत छोट्या होडीवर ठीक, मोठ्या उद्योगात चालणार नाही', असे म्हणणाऱ्या विद्वानांनी या आकड्याकडे एकदा पाहावे. कर्मचाऱ्यांना टिकवण्याच्या योजना कराव्या लागतात त्या नोकर ठेवणाऱ्यांना. मालकिणीला कोण टिकवणार?

परीक्षेची रात्र

निष्ठेची खरी कसोटी संकटात लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दहशतवादी शिरले. कर्मचाऱ्यांना इमारतीच्या मागल्या वाटा, जिने, दारे सारे ठाऊक होते. मनात आणते, तर त्यांतील बहुतेक जण पहिल्या काही मिनिटांत बाहेर पडले असते. ते थांबले. पाहुण्यांना दालनांत सुरक्षित बसवले, त्यांना पाणी दिले, धीर दिला आणि संधी मिळताच स्वतःची कडी करून त्यांना बाहेर काढले. तेथील अकरा कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले त्याच इमारतीत मृत्युमुखी पडली. तरीही ते पाहुण्यांच्या सुटकेच्या कामातून हलले नाहीत.

हे कोणत्या पगारात बसते? हार्वर्डच्या अभ्यासकांनी पुढे या प्रश्नाचा मागोवा घेतला, तेव्हा हाती आलेली कारणे साधी होती. माणसे प्रामुख्याने छोट्या गावांतून, संस्कार पाहून निवडलेली, प्रशिक्षण प्रदीर्घ, पाहुण्याच्या हितासाठी जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार अगदी खालच्या कर्मचाऱ्यालाही, आणि चांगल्या कामाची दखल तत्काळ. म्हणजे विश्वासात वाटा, निर्णयात वाटा, मानात वाटा. हल्ल्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, पीडितांच्या कुटुंबांसाठी विश्वस्त निधी स्थापन झाला. धारातीर्थी पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी देण्याची शिवछत्रपतींची रीत ज्या भूमीत घडली, तिथे हे शहाणपण नवे नाही. आपल्यामागे आपल्या माणसांना कोणी वाऱ्यावर सोडणार नाही, हा भरवसा असला की माणूस पुढे होतो.

'कुटुंब' या शब्दाची विटंबना

आता त्याच उद्योगसमूहाचे दुसरे चित्र पाहावे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या फळीतील, म्हणजे अनेक वर्षे काढलेल्या माणसांचा भरणा मोठा होता. तीनच वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, याच क्षेत्रात गळतीचा हाहाकार उडाला होता. मार्च २०२२ अखेरच्या वर्षात सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण इन्फोसिसमध्ये २७.७ टक्के, तर टीसीएसमध्ये १७.४ टक्के होते. त्या वेळी निष्ठेवर प्रवचने झडली. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या तीनशे कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले आणि त्यास फसवणूक म्हटले गेले.

दोन ठिकाणी काम करणे योग्य नव्हेच. परंतु माणूस कंपनी सोडतो तेव्हा तो कृतघ्न, आणि कंपनी माणसाला सोडते तेव्हा तो 'व्यावसायिक निर्णय', हा कोणता न्याय? भरतीच्या दिवशी 'आपण सारे एक कुटुंब', कपातीच्या दिवशी 'गरज सरो, वैद्य मरो'. मंदी आली म्हणून कोणत्या कुटुंबात धाकट्या भावाला घराबाहेर काढतात? कुटुंब या संस्थेला या देशात फार मोठा अर्थ आहे. तिच्यात कर्तव्य आधी येते, हक्क नंतर. आणि पहिले कर्तव्य कर्त्या पुरुषाचे असते. ते न पाळता केवळ कुटुंबाचे नाव घ्यायचे, ही त्या शब्दाची विटंबना आहे.

आजच्या तरुणाला निष्ठा ठाऊक नाही असे म्हणणाऱ्यांनी तो कोणाचा नातू आहे हे विसरू नये. त्याच्या आजोबांनी गिरणीला आयुष्य दिले आणि थकबाकीसाठी खेटे घातले. त्याच्या वडिलांनी कारखान्याला पंचवीस वर्षे दिली आणि स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली सक्तीची निवृत्ती पत्करली. घरातल्या या इतिहासातून त्याने जो धडा घेतला, तो मालकवर्गानेच शिकवलेला आहे.

वाटा म्हणजे नेमके काय?

उद्योगाचे श्रमिकीकरण व्हावे, म्हणजे श्रम हेही भांडवल मानून श्रमिकाला उद्योगात मालकीचा वाटा मिळावा, ही भूमिका दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केल्यापासून सातत्याने मांडली. भांडवलदार म्हणाले, हा साम्यवाद. साम्यवादी म्हणाले, ही मालकधार्जिणी तडजोड. दोन्हीकडून शिव्या खाणारा विचार बहुधा सत्याच्या जवळ असतो. उद्योग-व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ४३-अ द्वारे मार्गदर्शक तत्त्वांत आले. त्यासाठीचे विधेयक १९९० मध्ये संसदेत मांडले गेले. त्याचा कायदा कधीच झाला नाही. त्याच १९७६ साली जर्मनीने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना दिल्या. जर्मन उद्योग त्यामुळे बुडाला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण कायदा किमान देतो. निष्ठा किमान देण्यातून येत नाही. जे हवे आहे ते स्पष्ट आहे. कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणूस. नफ्यात आणि समभागांत केवळ वरच्या दहा जणांना नव्हे, शेवटच्या माणसालाही अंश. निर्णयाच्या मेजावर कामगाराची खुर्ची. आणि संकट आले तर पहिली कपात संचालकांच्या मोबदल्यात, शेवटची माणसांत.

वाट्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती कामगाराने स्वीकारायची आहे. वाटा घेणाऱ्याला तोट्याची फेरीही स्वतःची मानावी लागते. उचल घेऊन ऐन हंगामात पळणारा खलाशी आणि शिकून घेऊन ऐन कामात पाठ फिरवणारा अभियंता, दोघेही वाट्याला पात्र नाहीत. परंतु क्रम विसरून चालणार नाही. होडी ज्याची, पहिले पाऊल त्याचे.

नारळी पौर्णिमेला खारदांड्याचा कोळी समुद्राला नारळ अर्पण करतो. मासळी हाती येण्याआधी तो देतो, मग मागतो. निष्ठेच्या नावाने गळा काढणाऱ्या उद्योगपतींनी संकुलातल्या काचेच्या दालनातून उतरून एकदा त्या किनाऱ्यावर यावे आणि एवढेच पाहून जावे, की आधी नारळ पडतो, जाळे नंतर.